चांगली बेकरी मागच्या दाराने ओळखावी

चांगला पाव कुठे मिळतो हे बेकरीच्या पाटीवरून कळत नाही. ते वडेवाल्याला विचारावे. जालन्यात गांधी चमनजवळ राहणाऱ्याने विचारावे, मामा चौकाजवळच्याने विचारावे, अंबड-परतूरच्या बसस्थानकाबाहेरही विचारावे. सकाळपासून रात्रीपर्यंत वडे तळणाऱ्या माणसाला शिळी लादी परवडत नाही. गिऱ्हाईक पहिल्याच घासाला तोंड वाकडे करते आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या गाडीवर उभे राहते. त्यामुळे गावातल्या बेकऱ्या चाखून त्याने एक धरलेली असते. मिसळवाला, भुर्जीची गाडी, चहाची टपरी यांचेही तसेच. यांच्या लाद्या ज्या गल्लीतून येतात ती गल्ली सापडली, की निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे नाकाचे आणि घड्याळाचे.

बेकरीत गेल्यावर काचेच्या कपाटापाशी फार वेळ रेंगाळू नये. क्रीमरोल, चेरी लावलेले केक, बरण्यांमधली रंगीत बिस्किटे ही मांडणी डोळ्यांसाठी असते. त्यातला बराच माल दुसऱ्या गावाहून येऊन तिथे नुसता विकला जात असू शकतो. बघायचे ते मागचे दार. मागे मैद्याची पोती उतरतात का? लाकूड रचलेले आहे, की गॅसच्या टाक्या उभ्या आहेत? कारागीर भट्टीपाशी दिसतात का? पावाचे पत्रे काळे असले तर बिचकायचे कारण नाही; वर्षानुवर्षे भाजून पत्रा काळाच होतो आणि पाव त्याला कमी चिकटतो. पत्रा चिकट असेल आणि जुन्या तेलाचा खवट वास येत असेल, तर मात्र पुढची गल्ली धरावी.

जुन्या पद्धतीच्या बेकरीचा दिवस रात्री उजाडतो. मैदा, पाणी, मीठ, चिमूट-दोन चिमूट साखर आणि यीस्ट एवढेच साहित्य. मळताना मैद्यातल्या प्रथिनांचे लवचीक जाळे तयार होते, त्याला ग्लुटेन म्हणतात. यीस्ट साखर खाऊन वायू सोडते आणि जाळे तो वायू अडवून धरते, म्हणून पीठ फुगते. यात पैसे वाचवायची जागा फारशी नसते. वाचवता येतो तो वेळ. यीस्ट जास्त घालून पीठ घाईने फुगवले, तर पाव दिसायला टपोरा होतो, पण त्याला कच्च्या खमिराचा उग्र वास येतो आणि दुपारपर्यंत त्याचा भुगा पडू लागतो. पीठ सावकाश चढू दिले तर चव आतून येते. पहाटेचा घाणा निघतो तेव्हा गल्लीत जो गोडसर, किंचित खमंग वास पसरतो, तो या सावकाशीचा असतो. बऱ्याच ठिकाणी दुपारी उशिरा दुसरा घाणा निघतो आणि संध्याकाळच्या गाड्यांकडे जातो. या दोन वेळा सोडून घेतलेल्या पावावरून बेकरीची परीक्षा करणे तिच्यावर अन्याय करण्यासारखे आहे.

लादी हातात आली की ती वाचता येते. गोळे पत्र्यात एकमेकांना खेटून मांडलेले असतात. भाजताना ते फुगतात आणि कडेला चिकटतात, त्यामुळे पापुद्रा फक्त वर येतो आणि बाजू मऊ राहतात. एक पाव लादीतून सोडवावा. बाजू लांब लांब तंतूंनी सुटली, तर पीठ नीट मळले गेले आहे. ती भुसभुशीत तुटली, तर मळणीत किंवा मैद्यात काटकसर झाली आहे. अंगठ्याने हलके दाबावे. चांगला पाव खाली जाऊन परत वर येतो. ब्रून पावाची गोष्ट वेगळी. तो सुटा भाजतात, म्हणून त्याला चहूबाजूंनी कडक साल येते. त्याच्या बुडावर बोटाने टिचकी मारली तर पोकळ आवाज यायला हवा.

आणि पाव फ्रिजमध्ये ठेवू नये. फ्रिजच्या थंडीत पावातले पिष्ट फार लवकर घट्ट होते, आणि बाहेर जो पाव दुसऱ्या दिवशीही खाण्याजोगा राहिला असता तो रात्रीतच चिवट होतो. उरलाच तर बर्फाच्या कप्प्यात टाकावा आणि थेट तव्यावर गरम करावा. पिशवीबंद ब्रेड चार-पाच दिवस मऊ राहतो, त्यामागे बहुतेकदा परिरक्षके आणि पीठ सुधारणारी रसायने असतात. त्यातली सगळीच घातक नसतात, पण काहींनी गोंधळ घातला आहे. २०१६ च्या मे महिन्यात दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने ब्रेड, पाव, बन यांच्या ३८ नमुन्यांची तपासणी जाहीर केली, तेव्हा त्यातल्या ८४ टक्के नमुन्यांत पोटॅशियम ब्रोमेट किंवा आयोडेटचे अंश सापडले. महिन्याभरातच अन्न सुरक्षा प्राधिकरणाने पोटॅशियम ब्रोमेटवर बंदी घातली. रोजच्या रोज विकून संपणाऱ्या लादीला टिकवण्याच्या औषधांची गरज मुळातच कमी असते. बेकरी चांगली आहे की नाही याचा निवाडा म्हणूनच कपाटात काय आहे यावर करू नये. कपाटातून काय संपले आहे त्यावर करावा. मुंबईत ग्रँट रोड स्थानकासमोर १९१४ मध्ये सुरू झालेल्या बी. मेरवानचे नाव मावा केकमुळे झाले, आणि तो केक सकाळीच संपत असे. पुण्यात ईस्ट स्ट्रीटवर १९५५ पासून असलेल्या कयानी बेकरीत श्रूसबेरी बिस्किटांसाठी रांग लागते, आणि दुपारी दुकान चक्क बंद होते. बाहेरगावचे लोक त्यावर वैतागतात, पुणेकर वेळ पाहून येतात.

जालन्याला भट्टी समजावून सांगायची गरज नाही. औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून सळईचे पोलाद करणाऱ्या भट्ट्या सोळाशे अंशांच्या आसपास तापतात. पावाला अडीचशेच्या आसपास पुरतात. फरक आकड्यापेक्षा मोठा आहे. पोलादवाल्याला उष्णता चढवायची असते, बेकरीवाल्याला उतरती उष्णता वाया जाऊ द्यायची नसते. विटांच्या घुमटाच्या जुन्या भट्टीत लाकूड आतच जाळतात, मग निखारे बाजूला ओढतात आणि तळ पुसून घेतात. त्यानंतर काम करते ती विटांमध्ये मुरलेली धग. ती सर्वांत प्रखर असते तेव्हा ब्रून आणि लादी आत जातात. जरा उतरली की खारी, मग केक आणि नानकटाई. अखेरीस, भट्टी नुसती कोमट-गरम उरते तेव्हा टोस्ट. आदल्या घाण्यातल्या पावाचे काप करून ते तासन्‌तास सुकवले, की दुसऱ्यांदा भाजलेला, आतपर्यंत कुरकुरीत टोस्ट तयार होतो. चहात बुडवायचे ते वाटोळे, टणक, जिरे घातलेले बटरही याच मंद आचेवर सुकते. (नाव बटर असले तरी त्यात लोणी शोधू नये.) म्हणजे बेकरीतले अर्धे पदार्थ काय बनवावे या प्रश्नातून आलेलेच नाहीत, उरलेल्या आचेचे काय करावे, यातून ते आले आहेत.

खारी हा मात्र जपून निवडायचा जिन्नस आहे. तिचे पापुद्रे पिठाच्या थरांमध्ये स्निग्ध पदार्थाचे थर घालून, पुन्हा पुन्हा घडी करून लाटल्याने सुटतात. लोणी परवडत नाही, म्हणून वनस्पती तूप किंवा मार्जरीन वापरतात. या तुपांत ट्रान्स फॅट भरपूर असे, आणि ते हृदयाला वाईट. १ जानेवारी २०२२ पासून खाद्य तेल-तुपात त्याचे प्रमाण दोन टक्क्यांपेक्षा जास्त नसावे असा देशभर नियम आहे. बेकरीत प्रयोगशाळा नसते, पण जीभ असते. खारी खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर चढून बसला आणि चहानेही तो सुटेना, तर तूप स्वस्तातले आहे असे समजायला हरकत नाही. चांगली खारी तोंडात मोडते आणि मागे मीठ-जिऱ्याची चव ठेवून जाते.

ओळख पटवायची आणखी एक जागा आहे, आणि ती दिवाळीच्या आधी किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत उघडते. मराठवाड्यातल्या कित्येक बेकऱ्यांबाहेर तेव्हा पाट्या लागतात: गव्हाच्या पिठाची बिस्किटे बनवून मिळतील. घरून पीठ, पिठीसाखर, तूप, रवा, बेसन डब्यात भरून न्यायचे, किलोमागे मजुरी ठरवायची आणि समोर उभे राहून भाजून घ्यायचे. बायका तिथे नुसत्या वाट बघत बसत नाहीत. तूप पुरे पडले का, वेलची कुणाच्या पिठात गेली, आपला पत्रा दुसरीचा म्हणून निघाला तर काय, यावर त्यांची करडी नजर असते. जी बेकरी हे काम घेते, ती मागचे दार गिऱ्हाइकासाठी उघडते. मळणी, पत्रे, कारागिरांचे हात सगळे दिसते. लपवण्यासारखे काही असलेला माणूस या भानगडीत सहसा पडत नाही. गल्लीतल्या बायका वर्षानुवर्षे ज्या बेकरीत डबे घेऊन जातात, तिची वेगळी चौकशी करायची गरज नाही.

भट्टीची ही रोटी आपल्याकडे आली ती वेगवेगळ्या दारांनी. जालन्यापासून साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरात नान-कलिया खाल्ला जातो. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा फौजेच्या रसदीसोबत हा प्रकार आला असे सांगतात. दंतकथेचा भाग बाजूला ठेवला तरी पिवळसर झाक असलेला तो तंदूरचा नान मराठवाड्यातल्या भट्ट्यांचा जुना नातेवाईक आहेच. पाव आला तो समुद्राकडून. पोर्तुगिजांनी गोव्यात गव्हाचा पाव आणला, आणि यीस्ट मिळत नव्हते तेव्हा माडाच्या सुरेने पीठ फुगवले गेले. सासष्टीतल्या माजोर्ड्याच्या लोकांना जेझुइट पाद्र्यांनी ही कला शिकवली, असे गोव्यात मानले जाते. तिथले बेकर म्हणजे पोदेर पुढे मुंबईत पसरले. त्यांच्यामागून एकोणिसाव्या शतकात यझ्द-केरमान भागातले इराणी झरतुष्ट्री आले, आणि कोपऱ्यावरच्या दुकानात ब्रून-मस्का व चहा मिळू लागला.

मराठी घरात मात्र पावाला सुखासुखी प्रवेश मिळाला नाही. पाव खाल्ला की माणूस बाटतो, ही समजूत कोकण-गोव्यात पक्की होती. १८४९ मध्ये मुंबईत दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी परमहंस सभा गुप्तपणे सुरू केली. जातिभेद मोडायला निघालेल्या या मंडळींत सामील व्हायचे, तर ख्रिस्ती माणसाने केलेला पाव सभासदांसमक्ष खावा लागे. पावाचा एक घास ही तेव्हा प्रतिज्ञा होती. चाळीसेक वर्षांनी, १८९० मध्ये, पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे यांच्यासह शहरातल्या नामवंतांपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. गोपाळराव जोशींनी त्यांची नावे छापून आणली आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत, प्रायश्चित्तापर्यंत गेले. आज एकादशी सोडून कुठल्याही दिवशी मिसळीबरोबर पाव मागणाऱ्याला हा इतिहास सांगितला तर तो हसेल. पण बेकरीचा धंदा महाराष्ट्रात बराच काळ मुसलमान, गोवेकर ख्रिस्ती आणि इराण्यांच्या हाती का राहिला, याचे एक कारण त्यात आहे.

पावाचे असे प्रवास इतरत्रही झाले; बेकरीच्या जगभर गाजलेल्या एका जिनसाकडे वळू. बेगल हा मधे भोक असलेला, कड्यासारखा पाव पूर्व युरोपातल्या ज्यूंचा. पोलंडमधल्या क्राकूव शहराच्या ज्यू समाजाच्या १६१० सालच्या नियमांत त्याचा उल्लेख येतो. त्याची खुबी अशी, की पिठाचे कडे भट्टीत घालण्याआधी उकळत्या पाण्यात बुडवून काढतात. त्यामुळे वरचे पिष्ट लगेच शिजते, साल चकचकीत आणि चिवट होते आणि आतला भाग घट्ट राहतो. न्यूयॉर्कमध्ये हाताने बेगल वळणाऱ्या कारागिरांची बलाढ्य संघटना होती; बाहेरच्याला त्यात शिरकाव नसे. १९६० च्या दशकात डॅनियल थॉम्प्सन यांच्या यंत्राने ती मक्तेदारी मोडली, आणि बेगल गल्लीतल्या भट्टीतून निघून सुपरमार्केटच्या बर्फाच्या पेटीत गेला. जुने खवय्ये अजून त्याबद्दल कुरकुरतात.

जालन्यात बेगल शोधायला निघणे व्यर्थ आहे. त्याचा आपल्याकडचा सर्वांत जवळचा भाऊबंद गोव्यात भेटतो. पोदेराच्या टोपलीत कोंड्याची पोई असते, गोल कडक सालीचा उंडो असतो, कात्रीने कापल्यासारखा कात्रे पाव असतो आणि बांगडीच्या आकाराचे कांकण असते. कांकण उकळत नाहीत, थेट भट्टीत भाजतात, म्हणून त्याला बेगलसारखा चिवटपणा येत नाही; ते खुसखुशीत-कडक होते आणि चहात बुडवायला उत्तम. कड्याच्या आकाराचा फायदा दोन्हीकडे एकच: मधे भोक असल्याने आच सगळीकडून लागते आणि कडे लवकर, सारखे भाजले जाते. सकाळ-संध्याकाळ सायकलचा भोंगा वाजवत पोदेर दारात येतो, तेव्हा गोव्यातल्या माणसाला बेकरी शोधावीच लागत नाही, बेकरीच त्याला शोधत येते. मराठवाड्यातही सायकलवर पत्र्याची पेटी बांधून टोस्ट-खारी विकणारे फेरीवाले असतच. मोठ्या दुकानांनी त्यांची गरज कमी केली.

या सगळ्या जुन्या भट्ट्यांसमोर सध्या एक प्रश्न उभा आहे, तो धुराचा. मुंबईच्या हवेबद्दलच्या सुनावणीत मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस, वीज किंवा तत्सम स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितले, आणि महापालिकेने नोटिसा काढल्या. बेकरीवाले म्हणतात की पाव महागेल, जुनी भट्टी पाडून नवी बसवायला जागाही नाही आणि पैसाही नाही. दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत. पण बऱ्याच बेकऱ्यांत जळते ते जंगलातले सुके लाकूड नसते. जुन्या फर्निचरचे, रंग लावलेले, रसायनांत भिजलेले भंगार लाकूड असते, आणि तो धूर सर्वांत आधी भट्टीपाशी उभ्या असलेल्या कारागिराच्या छातीत जातो. आठवणींच्या ओढीने लाकडी भट्टीची बाजू घेणाऱ्यांनी हे नजरेआड करू नये.

कॅनडातल्या मॉन्ट्रियलमध्येही हाच वाद झाला आहे. तिथले बेगल मध घातलेल्या पाण्यात उकळून लाकडाच्या भट्टीत भाजतात. १९५७ पासूनची सेंट-व्हिएटर बेकरी त्यासाठीच ओळखली जाते. शहराने २०१८ मध्ये घराघरातल्या लाकडी शेगड्यांवर निर्बंध आणले, तेव्हा लोकांनी साहजिकच बेगलच्या धुराड्यांकडे बोट दाखवले. तिथे धुराड्यांना गाळण्या बसवण्याचा मधला मार्ग निघाला. मुंबईच्या दाटीच्या गल्लीत तो कितपत जमेल हे पाहावे लागेल. जालना, बदनापूर, भोकरदन, मंठा इथल्या बेकऱ्यांना मुंबईचा हा आदेश लागू नाही, पण आत पत्रे फिरवत भाजणारी, गॅसची किंवा डिझेलची फिरती भट्टी तिथेही येतेच आहे. ती लवकर तापते, एकावेळी पुष्कळ पत्रे घेते आणि कारागिराला निखारे ओढायला लावत नाही.

चवीचे काय होते? लादी पावाच्या बाबतीत म्हणाल तर फार नाही. निखारे बाजूला ओढल्यावरच तो भाजला जातो आणि मिनिटांत बाहेर येतो, त्यामुळे धुराचा वास त्याला लागतो ही समजूत बरीचशी मनाची आहे. खरा फरक पडतो तो दिवसाच्या शेवटी. फिरती भट्टी बंद केली की भराभर थंड होते. विटांसारखी रात्रभर धग धरून ठेवत नाही. टोस्ट आणि बटर पूर्वी फुकटच्या आचेवर सुकत होते, आता त्यांच्यासाठी वेगळा गॅस जाळावा लागतो. काही बेकरीवाले तो जाळतात. काही आच वाढवून काम उरकतात, मग टोस्ट वरून तपकिरी आणि मधोमध ओलसर निघतो आणि आठवड्याच्या आत त्याला कुबट वास येतो. काहीजण टोस्ट करणेच सोडून बाहेरचा पिशवीबंद माल आणून बरणीत ओततात. त्यामुळे भट्टी बदललेल्या बेकरीत गेल्यावर लादी विकत घ्यायच्या आधी एक टोस्ट मागावा आणि तो मधोमध मोडून बघावा.